विश्लेषण : मोठ्या फ्लॅटला जास्त मेंटेनन्स? उत्तर इमारतीच्या नोंदणीत

पुण्यातील ‘ट्रेझर पार्क’ या गृहसंकुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निर्णय दिला आणि ‘मोठा फ्लॅट, मोठे बिल’ एवढेच अनेकांच्या लक्षात राहिले. टू बीएचकेवाल्यांना तो आपल्या बाजूचा वाटला, थ्री बीएचकेवाल्यांना अन्यायाचा. प्रत्यक्षात हा निकाल प्रत्येक इमारतीला लागू होत नाही. नाशिकमध्ये एकाच रस्त्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन इमारतींत मेंटेनन्सचे दोन वेगळे नियम असू शकतात, आणि दोन्ही कायदेशीर असू शकतात.

हा प्रश्न नाशिकला नवा का वाटतो?

जुन्या नाशिककराला घरपट्टी आणि पाणीपट्टी ठाऊक होती, मेंटेनन्स नव्हता. सिडकोने सहा योजनांतून नवीन नाशिक वसवले, नंतर तिथले रस्ते, बागा, दिवे महापालिकेकडे गेले. इंदिरानगर, गोविंदनगर भागात आधी बंगले, रो-हाऊस आणि तीन-चार मजली छोट्या इमारती होत्या. जिन्यातला दिवा आणि पाण्याचा पंप एवढाच सामाईक खर्च. तो कुणीतरी वहीत लिहून दर महिन्याला गोळा करायचा.

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, आडगाव या बाजूंना उंच इमारती आणि मोठी संकुले उभी राहिली, तशी ही वही अपुरी पडू लागली. लिफ्ट, जनरेटर, सुरक्षारक्षक, क्लब हाऊस, मैला शुद्धीकरण प्रकल्प, अग्निशमन यंत्रणा, लॉन, काही ठिकाणी जलतरण तलाव. विक्रीच्या वेळी या सुविधा माहितीपत्रकात दाखवल्या जातात, त्यांचा मासिक खर्च मात्र क्वचितच. तो ताबा मिळाल्यावर कळतो.

सोसायटी की अपार्टमेंट, फरक काय?

सगळा वाद इथून सुरू होतो. महाराष्ट्रात इमारतीची नोंदणी प्रामुख्याने दोन कायद्यांखाली होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली झाली, तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० खाली झाली, तर ते अपार्टमेंट, म्हणजे कॉन्डोमिनियम. बोलताना दोन्हींना ‘सोसायटी’च म्हणतात. पाटीवर ‘अपार्टमेंट’ लिहिलेले असते आणि नोंदणी सहकारी संस्थेची असते, असेही होते. म्हणून पाटी पाहून काही ठरत नाही.

सोसायटीत तुम्ही संस्थेचे सभासद असता. हातात भाग प्रमाणपत्र असते. अपार्टमेंटमध्ये तुम्ही सदनिकेचे थेट मालक असता, शिवाय जमीन आणि सामाईक जागेत तुमचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा असतो. तो हिस्सा नोंदणीकृत घोषणापत्रात, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये लिहिलेला असतो. १९७०चा कायदा सांगतो की सामाईक खर्च याच हिश्श्याच्या प्रमाणात वाटायचा. मोठ्या सदनिकेचा हिस्सा मोठा, म्हणून तिचा खर्चही जास्त.

मग ‘ट्रेझर पार्क’मध्ये काय ठरले?

हे संकुल ११ इमारतींचे, ३५६ सदनिकांचे. नोंदणी १९७०च्या कायद्याखालची. लहान सदनिकांच्या मालकांचे म्हणणे होते की वर्गणी अविभक्त हिश्श्यानुसार घ्या, मोठ्या सदनिकांचे मालक समान वर्गणीवर ठाम होते. उपनिबंधकांकडून सहकार न्यायालयात आणि तिथून उच्च न्यायालयात गेलेल्या या वादात अखेर लहान सदनिकांची बाजू टिकली. कायद्यातच प्रमाण लिहिलेले असेल, तर ते डावलता येत नाही, हा त्यातला गाभा.

सहकारी सोसायट्यांबाबत याच न्यायालयाची भूमिका याच्या उलट आहे. ‘व्हीनस’ सोसायटीच्या जुन्या प्रकरणात क्षेत्रफळानुसार सेवा शुल्क आकारण्याचा ठराव टिकला नव्हता. मोठ्या घरातला सभासद वॉचमनची, जिना झाडणाऱ्याची सेवा लहान घरातल्यापेक्षा जास्त घेतो असे नाही, हा त्यामागचा विचार. दोन्ही निकाल एकमेकांना छेद देत नाहीत, कारण दोन्हींखालचा कायदा वेगळा आहे. पण एका सोसायटीच्या सभेत दुसऱ्या कायद्याचा निकाल वाचून दाखवला, की भांडण पेटते.

रकमेत किती फरक पडतो?

उदाहरणासाठी ४० सदनिकांची इमारत धरू. २४ सदनिका ७५० चौरस फुटांच्या, १६ सदनिका १,१२५ चौरस फुटांच्या. दरमहा सामाईक खर्च १ लाख २० हजार रुपये. समान वाटणी केली, तर प्रत्येकाला ३,००० रुपये. हिस्सा क्षेत्रफळाच्या प्रमाणात असेल, तर लहान सदनिकेला २,५००, मोठीला ३,७५०. म्हणजे मोठ्या सदनिकेला वर्षाला ९,००० रुपयांचा फरक. यापलीकडे मनात अढी बसते ती वेगळीच.

सोसायटीत सगळेच समान असते का?

नाही, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. आदर्श उपविधींनुसार बिलातील प्रत्येक बाबीचा आधार वेगळा आहे. वॉचमन, सफाई कामगार, कार्यालयाचा खर्च, सामाईक वीज हे सेवा शुल्क सर्वांना समान. लिफ्टचा देखभाल खर्चही लिफ्ट असलेल्या इमारतीतील सर्वांना समान. तळमजल्यावरचे ‘आम्ही लिफ्ट वापरतच नाही’ हे सभेतले नेहमीचे वाक्य, पण उपविधी त्यांना सूट देत नाहीत. अपार्टमेंट कायदा तर स्पष्टच सांगतो, की सामाईक सुविधा वापरणे सोडून दिले म्हणून मालकाची वर्गणी माफ होत नाही.

पाणीपट्टी मात्र घरातल्या नळांची संख्या आणि आकार पाहून. मालमत्ता कर महापालिकेने लावलेल्या आकारणीप्रमाणे. विम्याचा हप्ता बांधीव क्षेत्रफळाच्या प्रमाणात. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. बांधकाम खर्च म्हणजे खरेदीची किंमत नव्हे, त्यात जमिनीचा भाग धरत नाहीत. समजा तो २० लाख रुपये असेल, तर दुरुस्ती निधीला वर्षाला १५,००० आणि सिंकिंग फंडाला ५,००० रुपये. म्हणजे या दोन बाबींपुरते मोठ्या घराचे बिल सोसायटीतही मोठेच येते.

‘प्रति चौरस फूट तीन रुपये’ असा एकच आकडा लावून सगळे बिल काढायची पद्धत सोपी आहे. हिशेबनिसाला आवडते. पण सोसायटीत ती उपविधींत बसत नाही आणि कुणी आव्हान दिले तर समितीची अडचण होते. बिलात प्रत्येक बाब वेगळी दाखवली, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

घर भाड्याने दिले किंवा बंद ठेवले तर?

नाशिकचे अनेक घरमालक नोकरीसाठी मुंबई-पुण्यात किंवा परदेशात असतात. घर भाड्याने दिल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ही मर्यादा राज्य सरकारने घालून दिली आणि उच्च न्यायालयाने ‘माँट ब्लाँ’ सोसायटीच्या प्रकरणात ती उचलून धरली. सेवा शुल्क ३,००० असेल, तर जास्तीत जास्त ३०० रुपये. आई-वडील, मुले, भावंडे असे जवळचे नातेवाईक राहत असतील, तर हे शुल्कच नाही. कुलूप लावून ठेवलेल्या घराला बिनभोगवटा शुल्क लागत नाही, नियमित मेंटेनन्स मात्र द्यावाच लागतो.

बिल्डरने आगाऊ घेतलेल्या पैशांचे काय?

ताबा देताना एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स एकरकमी घेण्याची पद्धत रूढ आहे. सदनिका मोजून गुणाकार केला, तर ही रक्कम मोठ्या संकुलात सहज काही लाखांवर जाते. आणि नव्या संकुलातला सर्वांत कडवट वाद याच पैशांचा असतो : खर्च किती झाला, उरले किती, ते कुठे आहेत?

कायद्याने हे पैसे बिल्डरचे नाहीत. ग्राहकाकडून खर्चासाठी घेतलेल्या रकमेचे वेगळे खाते ठेवणे आणि ती त्याच कामासाठी वापरणे त्याच्यावर बंधनकारक आहे. रेराच्या नमुना करारानुसार या रकमेवर व्याज मिळत नाही, पण अभिहस्तांतरण झाल्यावर खर्च वजा करून उरलेली रक्कम रहिवाशांच्या संस्थेकडे द्यावी लागते. रेरा कायदा असेही सांगतो, की निम्म्याहून अधिक ग्राहकांनी नोंदणी केल्यापासून तीन महिन्यांत बिल्डरने संस्था स्थापन करून द्यावी, आणि संस्थेने ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी शुल्कात पुरवाव्यात.

संस्था स्थापन होत नाही तोवर हिशेब मागायला अधिकृत कुणी नसते. प्रत्येक जण एकेकटा विचारतो आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर मिळते. म्हणून सुरुवात मेंटेनन्सच्या दरापासून न करता संस्था नोंदणीपासून करणे शहाणपणाचे. बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे.

ले-आऊटमधल्या बागेचा खर्च कुणाचा?

प्लॉट आणि रो-हाऊसच्या वसाहतींत प्रश्न वेगळा असतो. डिसेंबर २०२०च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असते. संस्था झाल्यावर विकासकाने ती एक रुपया नाममात्र किमतीत तिच्याकडे द्यायची असते. संस्थेव्यतिरिक्त कुणाला विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

जी जागा महापालिकेकडे गेली आणि तिने बाग केली, तिचा खर्च करातून होतो. जी रहिवाशांकडेच आहे, तिचा माळी, पाणी, कुंपण त्यांच्याच खिशातून. विकासक ‘बागेचा वार्षिक आकार’ मागत असेल, तर जागा आज नेमकी कुणाच्या ताब्यात आहे, हे मंजूर ले-आऊट आणि महापालिकेच्या नोंदीत आधी पाहावे. ब्रिटनमध्येही हे दुखणे आहे. तिथल्या स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०२४च्या अहवालात म्हटले, की मोठ्या बिल्डरांच्या नव्या वसाहतींत असा आकार सरासरी ३५० पौंड पडतो, कारण रस्ते आणि बागा स्थानिक प्रशासन ताब्यात घेत नाही.

दर पटत नाही म्हणून बिल थांबवले तर?

बहुतेक जण इथे फसतात. बिल थांबवले, की तक्रारदाराचा थकबाकीदार होतो. आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याजाची तरतूद आहे. प्रत्यक्ष दर आपल्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींत पाहावा. सोसायटी सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवू शकते, त्याची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. अपार्टमेंटमध्ये न भरलेल्या वर्गणीचा बोजा सदनिकेवर चढतो आणि घर विकताना तो समोर येतो.

दुसरीकडे, थकबाकीसाठी पाणी तोडण्याचा किंवा लिफ्टचे कार्ड बंद करण्याचा अधिकार उपविधी समितीला देत नाहीत.

त्यामुळे रक्कम ‘हरकत राखून’ भरावी, पत्राची पोच घ्यावी. सोबत लेखी मागावे : कोणत्या सभेत दर ठरला, ठरावाची प्रत, लेखापरीक्षण अहवाल. सोसायटीचे हिशेब पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, दराचा विषय तिथल्या पत्रिकेवर आणता येतो. तिथे न सुटल्यास उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय. बिल्डरविरुद्ध तक्रार असेल, तर महारेरा.

वसुली दाखला निघाल्यावर मात्र वाट महाग होते. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर दाखल्यातील रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात.