मूल होत नाही? आधी पाळीचं दुखणं विचारा

गेल्या पावसाळ्यात धानोऱ्याकडची एक विवाहिता सासूसोबत ओपीडीत आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. केसपेपरवर तक्रार एकच : मूल होत नाही. पाळीत दुखतं का, असं विचारलं तर उत्तर सासूनेच दिलं, "दुखते तं सगळ्याच बायांचं, मॅडम." सासूला बाहेर बसवल्यावर मुलगी बोलली. पाळीच्या दिवसांत रोवणीला उभं राहवत नाही, संबंधाच्या वेळीही दुखतं आणि नवरा आता दुसरी करायचं म्हणतो. दुर्बिणीच्या तपासणीत निदान झालं : एंडोमेट्रिऑसिस.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, नलिकांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर वाढते. प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. पाळीचं थोडं रक्त नलिकांवाटे उलटं पोटात जाणं बहुतेक स्त्रियांत घडतं. काहींमध्ये मात्र त्यातल्या पेशी तिथेच रुजतात, असं जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलं. तो सिद्धांत आजही मुख्य मानला जातो.

दर महिन्याला या पेशींतूनही रक्तस्राव होतो, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतलं लोह मोकळं होतं. या लोहामुळे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. शरीराची त्यांना आवरण्याची ताकद कमी पडली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. सफाईला आलेल्या पांढऱ्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि त्यातून असे रेणू आणखी वाढतात. हे चक्र थांबत नाही. त्याचा त्रास स्त्रीबीजाला होतो, शुक्राणूंची हालचाल मंदावते, गर्भ रुजण्यात अडथळा येतो. दाहामुळे अवयव एकमेकांना चिकटले तर नलिकेची वाटही अडते.

इथे एक गैरसमज टाळा. हे लोह पोटात साचलेल्या रक्तातलं असतं, लोहाच्या गोळ्यांमुळे ते साचत नाही. रक्तक्षय असेल तर गोळ्या बंद करू नका. सिकलसेल असलेल्यांनी मात्र लोह डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं.

मग अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्या घ्याव्यात का? जीवनसत्त्व 'क' आणि 'ई' यांमुळे वेदना कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. गर्भधारणा वाढते, असा भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा आवळा, शेवग्याचा पाला, रानभाज्या रोजच्या जेवणात असू द्या. तो आहार आहे, उपचार नव्हे. हार्मोनच्या गोळ्या दुखणं कमी करतात, पण त्या चालू असेपर्यंत दिवस राहत नाहीत. आजार सौम्य असेल तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने दिवस राहण्याची शक्यता वाढते. बीजकोशातली गाठ काढताना स्त्रीबीजांचा साठा घटू शकतो, म्हणून तो निर्णय विचारपूर्वक घ्यावा. काहींना टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग लागतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाहीच, असं समजू नका. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षयरोगही तपासावा लागतो, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी तर पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तपासणी आणि उपचार झाले होते फक्त ८ टक्क्यांचे. हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली आला. दुखणं अंगावर काढायची सवय अजून गेलेली नाही. आपल्या भागात पाळीच्या दिवसांत कुर्माघरात राहणाऱ्या स्त्रिया आहेत. तिथल्या कळा घरच्यांना दिसतही नाहीत.

पाळीच्या दुखण्याने मुलीची शाळा किंवा कामाची रोजी बुडत असेल, तर तिला तपासणीला आणा. लग्न झाल्यावर, सहा वर्षं वाट पाहून नव्हे. ती धानोऱ्याची मुलगी पुढच्या तपासणीला आली तेव्हा सोबत नवरा होता. दोष कुणाचाच नाही, हे त्याला चित्र काढून समजावलं. त्या दिवशी त्याने स्वतःची तपासणीही करून घेतली.