शाळा रंगवताय? आधी टेप धरा

खांदा कॉलनी (पनवेल) : शाळा कॉलनीतली असो की गावातली झेडपीची, रंग अंदाजाने आणला की वर्गणीचा पैसा डब्यातच वाळतो. म्हणून आधी भिंती मोजा.

समजा, वर्ग २० बाय १८ फूट, उंची १० फूट. चारही भिंतींची लांबी ७६ फूट. गुणिले १० केले की ७६० चौरस फूट. दार-खिडक्यांचे ६० वजा करा. उरले ७००, म्हणजे ७ ब्रास.

दोन हात द्यायचे तर १४००. लिटरला १०० चौरस फूट धरले तर १४ लिटर पुरे. नेमका आकडा डब्यावर असतो, तो बघून घ्या.

मजुरी मात्र ७०० वरच. दर दोन्ही हातांचा मिळून आहे का, हे कामाआधीच विचारा. हिशेब शाळा व्यवस्थापन समितीत वाचून दाखवा.