नऊशे कार्डं

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी गेलो तो एका टॉवेलमुळे. ओळखीच्या कारखानदारांनी चहा पिताना तो समोर टाकला. हॉटेलचं नाव विणलेलं, पण आरशात दिसावं तसं, उलटं. "दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं हो सगळ्यांना," ते म्हणाले. आवाजात टॉवेलपेक्षा ट्रेनिंगच्या खर्चाची हळहळ जास्त होती.

त्यांच्या कारखान्यात नक्षी विणणारं इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आहे, ट्रेनिंग त्याचंच. पूर्वी नक्षी जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायची. ग्राफच्या कागदावर डिझाइन काढायचं, घरं रंगवायची, मग एकेका ओळीचं कार्ड पंच करायचं. भोक असेल तिथं दोरा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. धोट्याची एक फेरी, एक कार्ड. "या टॉवेलला नऊशे कार्डं लागायची," पंचिंग करणारे अण्णा म्हणाले. चूक झाली तर भोकावर कागदाचा तुकडा डकवायचा. आता तीच नऊशे कार्डं एका फाइलमध्ये बसतात आणि ती फाइल पेनड्राइव्हमधून मागावर जाते.

अण्णांचा जन्म शहराच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू, मागावर तेलुगू-मराठीची खिचडी. ट्रेनिंग द्यायला आलेला मुलगा बाहेरगावचा. त्यानं हॉलमध्ये पडदा लावला आणि रिझोल्यूशन, लेयर, पिक्सेल असं एकेक समजावत गेला. सगळ्यांनी मान डोलावली, शेवटी सह्या केल्या, फोटो निघाला. त्यात अण्णा मागच्या रांगेत डोळे मिटलेले दिसतात. रात्रपाळी करून आले होते.

त्यानंतर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवले गेले. कारखानदारांचा हिशेब सरळ आहे: एकदा बनवला की शंभर जण बघतील, खर्च शून्य. पण पीसवर मजुरी असणाऱ्या माणसानं व्हिडिओ बघायचा कधी? माग थांबला की पैसे थांबले. घरी दहा बाय दहाच्या खोलीत नातवंडं फोन सोडत नाहीत. आणि त्या व्हिडिओत उलट्या अक्षरांबद्दल एक शब्द नव्हता. कसा असणार? या मागावर कापडाची सुलटी बाजू खाली पडते, हे व्हिडिओ बनवणाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. अण्णांना ते ठाऊक होतं. त्यांना कोणी विचारलं नाही.

संगणक शिकवण्याची आपल्याकडची सवयच तशी आहे. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमानं महाराष्ट्रात लाखो लोकांना माउस धरायला शिकवलं, ते काम मोठंच. पण सरकारी नोकरीत प्रमाणपत्र मागायला लागल्यावर शिकणं आणि प्रमाणपत्र मिळवणं यांची फारकत झाली. माझंही लॅमिनेट करून ठेवलेलं आहे. त्यातलं आता फाइल सेव्ह करणं तेवढं आठवतं.

गंमत अशी की ज्याला ‘संगणक येत नाही’ म्हणायचं तो माणूस संगणकाच्या पणजोबाशी आयुष्यभर खेळलेला. जकार्ड नावाच्या माणसानं लिऑनमध्ये आपला माग 1804 च्या सुमारास आणला. त्याच्या कार्डांवरून चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्राला कार्डांनी सूचना देण्याची कल्पना सुचली, आणि 1890 ची अमेरिकेची जनगणना हॉलेरिथनं भोकाच्याच कार्डांवर मोजली. हॉलमधल्या त्या पडद्यावर हे एका वाक्यात आलं असतं तरी अण्णांनी डोळे उघडले असते, असं मला वाटतं.

शेवटी काम झालं ते कारखानदारांच्या सुनेमुळे. तिनं टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आहे. पाळी बदलताना अर्धा तास ती अण्णांना डिझाइनच्या खोलीत शेजारी बसवते. त्या खोलीत सरकीसारखा, ओल्या सुताचा वास आहे, भिंतीला जुन्या कार्डांच्या माळा टांगलेल्या. पुठ्ठ्याला तेलकट वास येतो. परत आल्यावर दोन दिवस माझ्या बोटांना तो येत होता.

"हे पिक्सेल म्हणजे काय अम्मा?"

"घर, अण्णा. ग्राफमधलं घर."

"मग घर म्हणा की!" ते म्हणाले, बाहीनं स्क्रीन पुसली आणि बोट लावून घरं मोजायला लागले. माउसला हात लावला नाही. दोनशे बाराव्या ओळीवर बोट थांबलं. "इथं दोरा लांब सुटतोय. धुतल्यावर ओढला जाईल." तिनं ते घर भरलं. मग अक्षरं फिरवायची कशी, ते तिनं एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा त्यांनी केलं, तिसऱ्यांदा ती गप्प बसली.

महिन्याभरात असे चौघेच तयार झाले. "चौघेच," कारखानदार मला दोनदा म्हणाले. कामगार चाळीस. कारखानदारांचं चूक आहे असं नाही. सुनेचा अर्धा तासही फुकटचा नाही, तो हिशेबात धरत नाहीत इतकंच. पण उलट्या टॉवेलांचा गठ्ठा अजून जिन्याखाली पडून आहे, आणि तोही कुठल्या वहीत दिसला नाही.

फाइल तयार झाली. अण्णांनी पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवला आणि शेडमध्ये गेले. माग सुरू झाल्यावर बोलणं ऐकू येईना. बाजूच्या पोरानं चहाचा पेला पुढे केला, त्यांनी हातानंच थांब म्हटलं. मग ते मागाखाली वाकले, मान तिरकी केली, आणि पहिलं अक्षर पुरतं उतरेपर्यंत तसेच राहिले.