व्यवसायोपचार सहायक : अर्ज करण्यापूर्वी

पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णास सदऱ्याचे बटण स्वतः लावता येणे, ही गोष्ट दिसावयास लहान. परंतु त्याच्या स्वावलंबनाचा आरंभ तेथूनच होतो. दैनंदिन कृतींच्या आधारे रुग्णाची कार्यक्षमता वाढविणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. भारतात त्याच्या प्रशिक्षणाचा पाया कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घातला.

या क्षेत्रात सहायक म्हणून काम करू इच्छिणाऱ्याने प्रथम आपल्या कामाची मर्यादा जाणून घ्यावी. रुग्णाची तपासणी व उपचारांची आखणी हे तज्ज्ञाचे काम. सहायकाने नेमून दिलेल्या कृती करवून घ्यावयाच्या, साधने सज्ज ठेवावयाची व आढळलेला बदल तज्ज्ञास कळवावयाचा. लुळा पडलेला हात ओढल्यास खांद्यास इजा होऊ शकते. म्हणूनच देखरेख आवश्यक ठरते.

अर्ज करताना जाहिरातीतील शैक्षणिक अट काळजीपूर्वक वाचावी. पूर्वीचा अनुभव कोणत्या विभागातील, किती काळाचा व कोणाच्या देखरेखीखालील, हे नेमके नमूद करावे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत हा व्यवसाय येतो. त्यामुळे प्रशिक्षणसंस्थेस मान्यता आहे किंवा नाही, याची खात्री शुल्क भरण्यापूर्वीच करून घेणे इष्ट. अल्पमुदतीच्या प्रमाणपत्राने तज्ज्ञाचा अधिकार प्राप्त होत नाही.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावातील इच्छुक तरुण-तरुणींना ही माहिती वेळीच दिल्यास त्यांचा पैसा व उमेदीची वर्षे वाया जाणार नाहीत आणि रुग्णांनाही जाणकार हातांची सेवा लाभेल.