नांदेड-लातूरचे चित्र सरळ कसे करतात?

नांदेडपेक्षा लातूर सुमारे ८३ किलोमीटर दक्षिणेला आहे. १९८८ साली सोडलेला आपला आयआरएस-१ए हा उपग्रह, उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीमागून ओळ टिपत, हे अंतर साधारण १३ सेकंदांत ओलांडत असे. तेवढ्या वेळात पृथ्वीच्या परिवलनामुळे आपली जमीन, सेकंदाला ४४० मीटर या वेगाने, सुमारे पावणेसहा किलोमीटर पूर्वेला सरके! त्यामुळे कच्चे चित्र तिरके येई. ते तसेच नकाशावर ठेवले, तर एका गावाचे शेत दुसऱ्याच्या शिवारात जाईल. म्हणून असे चित्र संगणकावर ताणून नकाशाशी जुळवावे लागते.

हे काम उलट्या दिशेने करतात. नव्या चित्रातील प्रत्येक ठिपका जुन्या चित्रात कोठे होता, ते सूत्राने काढतात. म्हणजे मध्ये भोके राहत नाहीत. पण ओळीत २०४८ ठिपके आणि तितक्याच ओळी घेतल्या, तर हे लांबलचक गणित सुमारे ४२ लाख वेळा करावे लागेल!

यावर एक युक्ती आहे. चित्रावर १६ × १६ ठिपक्यांचे चौकोन आखू. सूत्र फक्त कोपऱ्यांवर वापरू आणि मधले ठिपके प्रमाणाने भरू. दोन टोकांमधील फरकाला १६ ने भागले, की पुढे नुसती बेरीज! सूत्राचा वापर साडेसोळा हजारांवर येतो.

मग अचूकतेचे काय? चौकोनाच्या मध्यावर सूत्राचे उत्तर ताडून पाहू. फरक अर्ध्या ठिपक्याहून जास्त निघाला, तर तेवढ्याच चौकोनाचे आणखी चार भाग करू.

वर्गात आलेखाच्या कागदावर एखादा वक्र सरळ तुकड्यांनी काढून पाहावा. किती तुकडे पुरतात, ते मुलांनाच ठरवू द्यावे.