पंचांग आणि पारपत्र

मार्गशीर्षांत आमच्या कन्येचें लग्न ठरलें, तेव्हां अमेरिकेंत पीएच.डी. करीत असलेल्या चिरंजीवांस आम्हीं येण्याविषयीं कळविलें. उत्तर आलें, "अण्णा, येईन, पण वेळेवर परत जातां येईल, असें सांगवत नाहीं." आम्ही रागावलों. दोष आमच्या अज्ञानाचा होता, हें मागाहून उमगलें.

विद्यार्थ्याचा व्हिसा हा त्या देशाच्या दारांतून आंत जाण्याचा परवाना होय. आंत राहण्याचा नव्हे. राहणें हें विद्यापीठानें दिलेल्या 'आय-२०' पत्रावर व अभ्यास नियमित चालण्यावर अवलंबून असतें. म्हणून आपल्या मुलांस बहुधा मिळणारा ५ वर्षांचा व्हिसा संपला, तरी तेवढ्यानें शिक्षण थांबत नाहीं. परंतु एकदां मायदेशीं आल्यावर परतण्यास नवा व्हिसा लागतो, आणि तो अमेरिकेंत बसून मिळत नाहीं. त्यासाठीं मुंबईसारख्या ठिकाणच्या त्यांच्या कचेरींत अर्ज करावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांस प्रत्यक्ष मुलाखतही चुकत नाहीं. तिची तारीख लांबली कीं तिकडे सत्र बुडतें.

अखेर कानपिळीस पुतण्या उभा राहिला. चिरंजीवांनीं तिकडे रात्र जागून सोहळा पाहिला; त्याच्या आईस त्या दिवशीं घास गोड लागला नाहीं.

वाचकांनीं आमच्यावरून एवढें शिकावें. मुलास बोलावण्यापूर्वीं त्याच्या व्हिसाची मुदत, आय-२० वरील वर्षभर चालणारी प्रवासाची सही आणि मुलाखतीची तारीख, या तीन गोष्टी विचाराव्या. मुहूर्त काढतांना पंचांगाशेजारीं पारपत्रही उघडावें.