भिंतीविना मेंडोलिन

सज्जाद हुसेन यांच्यामुळे जुन्या चित्रपटसंगीताच्या श्रोत्याला मेंडोलिन परके नाही. पण आपण ते ऐकले मायक्रोफोनमधून. आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅलबे या गावी विली क्लॅन्सी या पाइपवादकाच्या स्मरणार्थ १९७३ पासून दर जुलैत संगीतशिबिर भरते. तिथे एका शेताच्या दगडी कुंपणापाशी बसून मी पहिल्यांदा उघड्यावर मेंडोलिन वाजवले. वीस पावलांवर ते जवळजवळ नाहीसे झाले.

या धुनांना जगभर ‘केल्टिक’ म्हणतात. ही संज्ञा मुळात भाषाकुलाची. एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकाने १७०७ मध्ये ती त्या अर्थाने रूढ केली. वाजवणारे स्वतः बहुधा ‘आयरिश’ किंवा ‘स्कॉटिश’ एवढेच म्हणतात. मीही ‘आयरिश’च म्हणेन.

या धुना नाचासाठीच्या. उन्हाळ्याच्या संध्याकाळी रस्त्यांच्या चौफुल्यावर तरुण जमत आणि फिडलवर नाच होई. पाद्र्यांना ते खुपे. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला न्यायालयाचा परवाना सक्तीचा केला. त्याच्या आडून चौफुल्यावरचे आणि घरांतलेही नाच बंद पाडले गेले. मेंडोलिनला या संगीतात ठळक जागा मिळाली ती यानंतर, १९६० च्या दशकापासून, स्वीनीज मेन आणि प्लँक्स्टी या गटांतून अँडी अर्विन यांनी ते वाजवल्यावर. चौफुल्याची परीक्षा या वाद्याने फारशी दिलेलीच नाही.

आठ तारा, चार जोड्या, लावणी फिडलचीच: जी, डी, ए, ई. पण फिडलचा गज सूर ओढत राहतो. इथे नखीचा आघात झाला की सूर लगेच ओसरू लागतो. खोलीत भिंती त्यातला काही परत आणून देतात. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि फटींतून वारा वाहणाऱ्या त्या कुंपणाने मला फारसे काही परत दिले नाही. त्यात तिथला जुलै म्हणजे आपला श्रावण. ऊन आले की पोलादी तारा सैलावतात, ढग आला की चढतात, आणि जोडीतल्या दोघी एकमेकींशी भांडू लागतात.

मग उरतो नुसता आघात. जिग ही दादऱ्यासारखी सहा मात्रांची, तीन-तीन. नखी सरळ खाली-वर, खाली-वर चालवली, तर चौथी मात्रा, म्हणजे दुसऱ्या तिघांतली पहिली, वरच्या आघातावर पडते आणि हा आघात हलका असतो. म्हणून जाणकार खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असे वाजवतात. दोन खालचे आघात पाठोपाठ येतात; वेगात मनगट कुरकुरते. मी वर्षभर सरळ नखी चालवून चोरी करत होतो. खोलीत ती कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. कुंपणापाशी दहा मिनिटांत उघडी पडली: सूर विरल्यावर माझी जिग म्हणजे नुसती टिपटिप उरली, पाऊल कुठे टाकावे ते कळेना. लांब सुराच्या जागी तीन झटपट सुरांचा झुपका भरतात, तो मला दागिना वाटे. तिथे कळले, तो विरत्या सुराचा खड्डा बुजवण्यासाठी आहे.

तीन दिवस मी फक्त नखीची दिशा घोटली. चौथ्या दिवशी पलीकडच्या शेतातला म्हातारा कुंपणापर्यंत आला.

“धून कुठली ते ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. “पण जिग होती.”